कारच्या एसीत घरी गॅस भरताना

एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळतोय. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत पहिला संशय पुढच्या कंडेन्सरवर (रेडिएटरसमोरची, गॅस थंड करणारी जाळी) घ्या: त्याच्या पत्र्यांवर किंवा पाइपच्या जोडावर तेलकट डाग दिसला तर आधी गळती काढा, नाहीतर भरलेला गॅसही जाईल.

बॉनेटखालच्या लेबलवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये असतं. आर-१३४ए लिहिलं असेल तरच तो डबा आणा. चष्मा, हातमोजे घाला; गॅस त्वचेवर उडाला तर हिमदाह होतो. इंजिन चालू, एसी पूर्ण थंड, ब्लोअर जोरात. होज (डब्याची नळी) फक्त जाड पाइपवरच्या लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या तोंडाला लावा. हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या तोंडाला लावलात तर डबा फुटू शकतो, इथे चूक चालतच नाही. आधी होजमधली हवा काढा. डबा उभाच धरा, उलटा केल्यास द्रव आत जाऊन कॉम्प्रेसर बिघडतो. थोडा थोडा सोडा, मध्ये थांबून होजवरचं दाबाचं गेज बघा. बाहेर ३० अंशांच्या आसपास तापमान असेल तर लो साइडचा दाब साधारण ३५ ते ४५ पीएसआय (दाबाचं एकक) पुरे. जास्त भरल्यास थंडावा उलट घटतो.

एसी पूर्ण रिकामा असेल तर घरी भरू नका. आत शिरलेली दमट हवा व्हॅक्यूम पंपानेच निघते.