हायडेलबर्गला नवीन आलात? पहिला दिवस जुन्या गावाला द्या

जर्मनीतल्या हायडेलबर्गला शिकायला येणारी आपली बरीच मुलं विज्ञान किंवा वैद्यकशाखेची असतात. त्यांचे वर्ग, प्रयोगशाळा, मेन्सा (विद्यापीठाची खानावळ) आणि पुष्कळदा वसतिगृहसुद्धा नदीपलीकडच्या नॉयएनहायमर फेल्डमध्ये. तिथे सगळं हाताशी मिळतं, त्यामुळे जुन्या गावात जायचं कारण पडत नाही. ‘जाऊ या एखाद्या रविवारी’ म्हणता म्हणता सत्र संपलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून प्रत्येक नव्या मुलाला मी एकच सांगते. सामान खोलीवर टाका, झोप काढा आणि हातात आलेला पहिला मोकळा दिवस आल्टश्टाटला, म्हणजे जुन्या गावाला, द्या. कागदपत्रं दुसऱ्या दिवशी.

शनिवारी संध्याकाळी पोचणार असाल तर मात्र आधी दूध, ब्रेड, तांदूळ घेऊन ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात. सकाळी काही बेकऱ्या उघडतात आणि स्टेशनवर थोडंफार मिळतं, पण तेवढ्यावर घर लागत नाही.

स्टेशनबाहेर आल्यावर हिरमुसू नका. काचेच्या इमारती, ट्रामचे रूळ, रहदारी. फोटोत पाहिलेला किल्ला कुठेच दिसत नाही. पूर्वीचं स्टेशन जुन्या गावाच्या तोंडाशी होतं, १९५५ मध्ये ते पश्चिमेकडे हलवलं. बिस्मार्कप्लाट्झला जाणारी ट्राम धरा. तिथून हाउप्टश्ट्रास सुरू होतो. सुमारे दीड किलोमीटरचा, फक्त पायी चालायचा रस्ता. नऊच्या आत गेलात तर पर्यटकांची गर्दी नसते. वाटेत फरशीत बसवलेले पितळेचे छोटे चौकोन दिसतील. त्या त्या घरातून नाझींनी ज्यांना नेलं, त्यांची नावं त्यांवर आहेत. एखादं तरी थांबून वाचा.

पहिला मोठा थांबा विद्यापीठाच्या चौकाचा. विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. पण नुसतं वय ऐकून पुढे जाऊ नका. नव्या विद्यापीठाच्या दारावरची अक्षरं बघा, ‘जिवंत चैतन्याला’ अशा अर्थाची. ही इमारत १९३० च्या सुमारास अमेरिकन देणग्यांतून उभी राहिली. नाझी आल्यावर त्यांनी ‘जिवंत’ काढून ‘जर्मन’ घातलं आणि ज्ञानाची ग्रीक देवता अथेना हिच्या मूर्तीच्या जागी गरुड बसवला. मे १९३३ मध्ये याच चौकात पुस्तकांची होळी झाली. युद्धानंतर जुनी अक्षरं परत लागली. ज्या विद्यापीठाची पदवी तुम्ही घेणार आहात, त्याचा हा इतिहास पहिल्याच दिवशी माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

शेजारीच जुन्या विद्यापीठाच्या मागे विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे. रात्री दंगा केला, पोलिसांशी हुज्जत घातली की विद्यापीठच पोरांना इथे कोंडत असे. १९१४ पर्यंत हे चालू होतं. आत शिक्षा भोगणाऱ्यांना तासांना जायची मुभा असे. उरलेल्या वेळात त्यांनी भिंती आणि छत रंगवून काढलं आहे. मेणबत्तीच्या काजळीने काढलेले टोपी घातलेले चेहरे, नावं, तारखा, एकावर एक. तिकीट लागतं, पण माझ्या मते किल्ल्याच्या आतल्या भागापेक्षा हे आधी बघावं.

चौकाच्या दक्षिणेला विद्यापीठाचं ग्रंथालय, लाल वालुकाश्माचं. तिथे प्ल्योक नावाच्या गल्लीत पाऊल टाकताना दोन्हीकडे बघा. ही सायकलवाल्यांची गल्ली आहे. दप्तर पाठीला लावून विद्यार्थी वेगाने येतात आणि मोबाइल बघत मध्येच उभ्या राहिलेल्या माणसाला घंटी वाजवून चांगलंच सुनावतात. गावात सगळीकडेच सायकलच्या पट्ट्यावरून चालायचं नाही, हे अंगवळणी पाडून घ्या.

भूक लागली की नदीकडे मार्श्टालला उतरा. जुन्या शस्त्रागारात विद्यार्थ्यांची मेन्सा आहे. बुफे असतो, ताटाचं वजन करून पैसे घेतात. भाज्या, भात, सॅलड मिळतं, त्यामुळे शाकाहारी मुलांचीही सोय होते. मात्र ताट भरताना हात आखडता ठेवा, बटाटा आणि रस्सा वजनाला भारी पडतात. पाण्याची बाटली जवळ असू द्या, नळाचं पाणी निर्धास्त प्या. सुटी नाणीही हवीत. छोट्या बेकऱ्यांत आपलं कार्ड चालेलच असं नाही आणि सार्वजनिक शौचालयाला पैसे पडतात.

जेवून हाइलिगगाइस्ट चर्चकडे या. १७०६ मध्ये या चर्चच्या मधोमध भिंत घातली होती, एका बाजूला कॅथलिक आणि दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. ती कायमची गेली १९३६ मध्ये. समोरचं नक्षीदार घर १५९२ चं. आजूबाजूची बाकीची घरं त्यामानाने तरुण आहेत, कारण १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच फौजांनी गाव जाळलं, किल्ला सुरुंगांनी उडवला. लोकांनी जुन्याच गल्ल्यांवर नवी घरं बांधली. किल्ला दुरुस्त होत असतानाच १७६४ मध्ये त्यावर वीज पडली. डोंगरावरचं ते भग्नपण तिथून आलेलं आहे.

तिथून दोन मिनिटांवर जुना पूल. पुलाजवळ पुराच्या खुणा कोरल्या आहेत, त्यांपुढे उभं राहून आपली उंची लावून बघा. १७८४ चा पूर सगळ्यांत वरचा. त्यात आधीचा पूल गेला आणि १७८८ पर्यंत हा दगडी पूल उभा राहिला. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना त्या खुणांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नेकार नदी एरवी शांत दिसते, तरी आजही पाणी चढलं की काठचा रस्ता बंद होतो.

पूल ओलांडला की श्लांगेनवेगची चढण. अरुंद, वळणावळणाची, दगडी. ऑक्टोबरात ओल्या पानांवरून पाय घसरतो, म्हणून चांगल्या पकडीचे बूट घाला आणि दम लागला तर खुशाल थांबा. वर फिलोसोफेनवेग ही डोंगरउतारावरची पायवाट लागते. या दक्षिणउताराला ऊन भरपूर मिळतं, म्हणून इथे अंजिरं धरतात. दुपार कलली की समोरच्या किल्ल्यावर पश्चिमेचं ऊन येतं आणि लाल दगड उजळतो. पहिल्या दिवशी किल्ला इथूनच बघा. आत जायचं तिकीट आणि डोंगररेल्वे आई-बाबा येतील तेव्हासाठी राखून ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी खाली उतरा. घरी फोन इथूनच लावा, पण वेळेचं भान ठेवा. भारत साडेतीन तास पुढे आहे, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचार तास.

परतताना पायांत त्राण असेल तर बेर्गहाइममधल्या फॉसश्ट्रासवरून जा. तिथे विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या याच संस्थेत ग्युंटर सोन्थायमर होते. त्यांनी खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य वेचलं, मराठी आत्मसात केली. इथल्या ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत. विद्यार्थी कार्ड हातात आलं की आधी तिकडे एक चक्कर टाका. महिन्याभराने मराठी वाचायची ओढ लागते, तेव्हा ही जागा माहीत असलेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर पत्रपेटीवर तुमचं नाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँक, विमा, कर-क्रमांक हे सगळं पत्रानेच येतं. मग घरमालकाकडून राहत असल्याचा सही केलेला कागद घ्या आणि ब्यूर्गरआम्टची, म्हणजे पत्त्याची नोंदणी करणाऱ्या नगर-कार्यालयाची, वेळ ठरवा. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, आणि सत्राच्या सुरुवातीला वेळा पटापट भरतात. भारतातून निघण्याआधीच ऑनलाइन वेळ घेता आली तर उत्तम.