हॉटेलच्या मेंबरशिप रुपयांत कशा तोलायच्या

मी इंदूरचा, पीथमपूरच्या कंपनीत नोकरी, महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेरगावी. फोनमध्ये पाच हॉटेल-चेनच्या मेंबरशिप आणि धड उपयोग एकीचाही नाही असं बरीच वर्षं चाललं, मग एका रविवारी पोहे-जलेबी आणून बसलो आणि सगळं रुपयांत मांडलं.

आधी मागच्या वर्षाची बिलं काढा आणि कुठल्या गावात किती रात्री राहिलात ते लिहा. जिथं तुमचं जाणं आहे तिथं त्या चेनचं हॉटेलच नसेल तर स्कीम कितीही भारी असो, सोडा. बडोद्याला सारखं जाणाऱ्याला अकॉर चेनचं ग्रँड मर्क्युर आहे, आयटीसीचं वेलकमहॉटेल आहे. आमच्या इंदूरला मॅरियट आणि शेरेटन दोन्ही बॉन्वॉयमध्येच, म्हणजे मॅरियटच्या मेंबरशिप स्कीममध्येच मोडतात.

राहण्याच्या बिलावर पॉइंट मिळतात आणि पुढे तेच देऊन फुकट खोली घेता येते. आता अशा एका पॉइंटची किंमत काढा, खरी गंमत इथंच आहे. ज्या हॉटेलात खरोखर राहणार तिथली एखादी तारीख टाका, टॅक्स धरून भाडं बघा आणि त्याच खोलीला किती पॉइंट मागतात ते बघा. समजा भाडं 7,350 आणि पॉइंट 12,000, म्हणजे एक पॉइंट साधारण 61 पैशांचा. बॉन्वॉयच्या बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरला 10 पॉइंट मिळतात, तेही टॅक्स सोडून, तर डॉलर 85 धरला की 6,800 च्या खोलीवर 800 पॉइंट, म्हणजे 490 रुपये, भाड्याच्या साधारण सव्वासात टक्के. हयात ही चेन डॉलरला 5 च देते, म्हणून लोक नाक मुरडतात, पण तीच 7,350 भाड्याची खोली तिथं 5,000 पॉइंटांत मिळाली तर 6,800 वर मिळालेल्या 400 पॉइंटांचे 588 रुपये झाले की! अकॉरचं सोपं, 2,000 पॉइंट म्हणजे सरळ 40 युरो, डोकं लावायचं कामच नाही. दोन-तीन तारखा तपासा, एकीवर जाऊ नका.

मग स्टेटस, म्हणजे वर्षात ठरावीक रात्री राहिलं की मिळणारा वरचा दर्जा. बॉन्वॉयमध्ये गोल्ड 25 रात्रींना, प्लॅटिनम 50 ला. हयातचं ग्लोबलिस्ट 60 ला. तुमच्या 30 रात्री होत असतील तर प्लॅटिनमवाल्याला मिळणाऱ्या फुकट नाश्त्याचा हिशोब धरूच नका. आणि नाश्ता फुकट मिळाला तरी त्याची किंमत बुफेच्या रेटनं लावू नका, तुम्ही बाहेर जेवढे खर्च केले असते तेवढेच लावा, बुफेतल्या पोह्यांना इंदूरचा माणूस किती देणार सांगा?

पॉइंट कधी बुडतात तेही बघा. बॉन्वॉय आणि हयातमध्ये 24 महिने काहीच हालचाल नसेल तर जातात, आयएचजी या चेनमध्ये बिनस्टेटसवाल्याचे 12 महिन्यांत. वर्षातून दोनदाच फिरणाऱ्यानं हे आधी बघावं.

बुकिंग मात्र चेनच्याच साइट किंवा अ‍ॅपवरून करा. मी एकदा दुसऱ्याच एका अ‍ॅपवरून चारशे रुपये वाचवले आणि तीन रात्रींचे ना पॉइंट मिळाले ना त्या रात्री स्टेटसमध्ये मोजल्या गेल्या. कंपनी बुकिंग करत असेल तर अ‍ॅडमिनवाल्याला आपला मेंबर नंबर आजच पाठवून ठेवा.