बाउल फीडरवर पहिलं वर्ष: नॉबला हात लावण्याआधी पार्ट बघा

ठाण्याच्या आयटीआयमधून फिटर करून मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले. लेथ, ड्रिल, फाइलिंग यांची भीती नव्हती. पण असेंब्ली लाइनच्या टोकाला घूंऽऽ आवाज करत थरथरणारी स्टीलची परात, म्हणजेच बाउल फीडर, मी पहिल्यांदाच बघत होते. ढिगातले पार्ट एका रांगेत, सरळ लावून पुढच्या स्टेशनला द्यायचे, हे तिचं काम. परातीच्या आतल्या भिंतीला चिकटून एक अरुंद पट्टी गोल गोल वर चढते आणि तिच्यावरून पितळी स्क्रू मुंग्यांसारखे रांगेत वर जातात. पट्टा नाही, ढकलणारं काही नाही. स्क्रू स्वतःच चालतात असं वाटतं.

हे कसं होतं ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यातूनच सुचते. परातीखाली इलेक्ट्रोमॅग्नेटची कॉईल असते आणि परात तिरक्या लीफ स्प्रिंगांवर, म्हणजे पत्त्यांवर, उभी असते. कॉईलने ओढलं की परात खाली जाते आणि किंचित मागे वळते. सोडलं की पत्त्या तिला वर आणि पुढे झुगारतात. त्या झटक्यात स्क्रूला वर-पुढे वेग मिळतो. मग परात त्याच्याखालून इतक्या झपकन निसटते की तो क्षणभर हवेत राहतो आणि थोडा पुढे पडतो. सुपात तांदूळ घोळताना आजीच्या मनगटाचा झटका आठवा, तोच हा. फक्त इथे तो सेकंदाला 50 वेळा बसतो.

आपली वीज 50 हर्ट्झची आहे, पण मॅग्नेट प्रवाहाच्या दोन्ही अर्ध्या लाटांना ओढतो. म्हणून सरळ एसी दिला तर सेकंदाला 100 झटके, आणि डायोडने अर्धी लाट कापली तर 50. आमचं मशीन 50 चं होतं. गणित करून बघा: 50 झटक्यांना उभी हालचाल मधल्या जागेपासून फक्त 0.1 मिलिमीटर असली, तरी परातीचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाएवढा होतो. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी! तेवढ्यावर स्क्रू जागा सोडायला लागतो. हे गणित वहीत सोडवलं त्या दिवशी मला हे मशीन मनापासून आवडलं.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या महिन्यात, सेकंड शिफ्टला, स्क्रू मंद झाले. पुढचं स्टेशन रिकामं राहायला लागलं, लाल दिवा पेटला. मी कंट्रोलरचा नॉब, म्हणजे कॉईलची वीज कमी-जास्त करणारं बटण, वाढवला. थोडं सुधारलं, पुन्हा मंदावलं. पुन्हा वाढवला. अर्ध्या तासात नॉब शेवटाला पोचला, कॉईल हात लावू नये इतकी तापली आणि पट्टीवरचे स्क्रू चालायचे सोडून नाचायला लागले. सरळ लागलेलेसुद्धा उड्या मारून परत खाली पडत होते. आमच्या सिनियर काकांनी मेन स्विच बंद केला, टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले आणि एकेका पत्तीवरून बोट फिरवलं. तिसऱ्या गठ्ठ्यात, क्लॅम्पच्या कडेला, केसाएवढी काळी रेघ होती. पत्ती तडकली होती. "वीज वाढवून तुटलेली पत्ती सांधत नाही, पोरी," एवढंच ते बोलले.

तडकलेल्या पत्तीने एवढा फरक का पडावा? परात आणि पत्त्या मिळून एक झोपाळा समजा. झोपाळ्याला त्याच्या लयीत हात दिला तर थोड्या जोरात उंच जातो. पत्त्यांची लय विजेच्या झटक्यांपेक्षा जराशी जास्त ठेवतात, कारण परातीत माल भरला की वजन वाढून लय उतरते, आणि उतरताना ती झटक्यांच्या जवळच येते. पत्ती तडकली की लय झटक्यांच्याही खाली घसरते, मग कितीही वीज द्या, परात साथ देत नाही.

ही लय तपासायची काकांची पद्धत अशी: नॉब कमी ठेवून एका पत्तीचा बोल्ट हळूहळू सैल करायचा. हालचाल आधी वाढली आणि मग पडली, तर ट्यूनिंग बरोबर. सुरुवातीपासूनच पडत गेली, तर पत्त्या कमी पडताहेत. 60 हर्ट्झच्या देशातून आलेला जुना फीडर साध्या कंट्रोलरवर इथे रुसतो, त्याचंही कारण हेच: त्याच्या पत्त्यांची लय तिथल्या झटक्यांना जुळवलेली असते.

सरळ लागलेले पार्ट निवडून बाकीचे परत पाडणारी बाजू मात्र पूर्ण वेगळी आहे, आणि माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे. परातीला काही कळत नाही. पट्टीचा आकार निवडतो. स्क्रूसाठी पट्टीत फट असते: दांडा फटीत उतरतो, डोकं वर अडकून लोंबतं. एकावर एक चढलेले स्क्रू वर लावलेल्या वायपरला, म्हणजे आडव्या पातीला, अडून खाली पडतात. प्लॅस्टिकच्या टोपीसाठी पट्टीची कड अर्धगोल कापतात. बुडावर बसलेली टोपी उरलेल्या जिभेवर टेकून पार होते. तोंड खाली असलेल्या टोपीची कड त्या कापलेल्या जागेत येते, आधार जातो आणि ती पुन्हा परातीत पडते. पडलेला पार्ट वाया जात नाही, पुन्हा चढतो. पण हिशोब ठेवा: चारात एकच पार होत असेल आणि पुढे मिनिटाला 40 हवे असतील, तर पट्टीवर 160 चढायला हवेत.

म्हणून नवीन आलेल्यांना माझा आग्रह आहे, पहिले आठ दिवस नुसते बघा. पार्ट नेमका कुठे अडतो? एकाच जागी अडत असेल तर तिथे बर (धातूची बाहेर आलेली खरखरीत कड) असेल, वायपर खाली सरकला असेल किंवा नवीन लॉटच्या मापात फरक असेल. सगळीकडेच मंद असेल तर पत्ती, बोल्ट किंवा कॉईलची गॅप (कॉईल आणि ती ओढते तो परातीखालचा भाग यांच्यातली फट) तपासा. पार्ट तेलकट असले तर पट्टीला चिकटतात, पावसाळ्यात तर हे हमखास. परात काठोकाठ भरू नका. मोबाईलवर 240 फ्रेमचा स्लो मोशन घ्या. 50 च्या मशीनला एका झटक्यात चार-पाच चित्रं मिळतात आणि उडणारा पार्ट स्पष्ट दिसतो.

खिशात टॉर्च आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असू द्या, कानात प्लग. कॉईलची गॅप मोजायची ती वीज बंद करून, दोन्ही टोकांना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाप्रमाणे. कमी झाली तर ठोकर बसते, जास्त झाली तर कॉईल जास्त करंट खाऊन तापते. पत्ती बदलली की बोल्ट टॉर्क रेंचनेच सारखे आवळा आणि परातीवर हालचाल मोजायला लावलेल्या स्टिकरवर ती किती दिसते ते तारखेसकट वहीत लिहा. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे: नवी पत्ती घातल्यावर नॉब निम्म्याच्याही खाली, आणि स्क्रू पुन्हा रांगेत.