लग्नाचा वाढदिवस कोल्हापुरात: दोघांचे दोन दिवस, आठ हजारांत

लग्नानंतर चौथ्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. अंबाबाईची ओटी भरायला, भाड्याच्या जीपमधून, अकरा माणसं. मी सासूबाई आणि आत्यांच्या मधे, नवरा मागे सामानाशेजारी. परतताना रंकाळा खिडकीतून दिसला. "इथे पुन्हा येऊ, दोघंच," असं तो म्हणाला, आणि ते पुन्हा यायला बारा वर्षं लागली.

गेल्या वर्षी बाराव्या वाढदिवसाला दोघंच गेलो. हाताशी ८,००० रुपये होते आणि तेवढ्यात सगळं नीट बसलं. ते कसं बसवलं ते इथे लिहिते आहे. हिशेब पुण्याहून जाणाऱ्यांचा आहे. मुंबईकरांनी प्रवासाचे थोडे जास्त धरावेत, सातारा-सांगलीकरांचे बरेच वाचतील.

पहिलं काम: तारीख सोडवून घ्या

आपली बहुतेक लग्नं मे महिन्यात नाहीतर मार्गशीर्ष-माघात झालेली असतात. म्हणजे वाढदिवस येतो तो ऐन सुट्टीत किंवा ऐन लग्नसराईत, आणि तेव्हा लॉजवाला सांगेल तो दर. पण आपल्याकडे एक सोय आहे. लग्नाचा वाढदिवस तारखेने करता येतो तसा तिथीनेही. दोन्हींत कधी दहा-अकरा दिवसांचं अंतर पडतं, अधिक महिना येऊन गेला की आणखी पडतं. कॅलेंडर पुढ्यात घ्या, दोन्ही दिवसांवर खूण करा, आणि ज्याच्या जवळपास बुधवार-गुरुवारी रजा मिळेल तो दिवस धरा.

बुधवार-गुरुवारच का? अंबाबाईला मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवार-रविवारी गर्दी असते. सोमवार संग्रहालयांच्या सुट्टीचा वार, म्हणून तोही नको. शिवाय मटण खाणाऱ्यांना बुधवार चालतो, आणि कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा न खाता परत येणं मला तरी जमलं नसतं. दोघांपैकी कुणाचा गुरुवार किंवा चतुर्थी असेल तर तेही आधीच बघून घ्या.

नवरात्र आणि चैत्री पौर्णिमेची जोतिबाची यात्रा टाळा. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं एका दिवशी देवीच्या पायांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत येतात. तुमचा वाढदिवस त्याच सुमारास असेल तर गर्दीची तयारी ठेवून जरूर जा, नाहीतर आठवडाभर मागेपुढे करा.

दुसरं काम: पोरांची व्यवस्था, आणि ती मनापासून

याबद्दल कुणी लिहीत नाही, पण सहल इथेच मोडते. आमची दोन्ही मुलं सासूबाईंकडे राहिली. जायच्या तीन आठवडे आधी त्यांना स्पष्ट विचारलं: मंगळवारी रात्रीपासून गुरुवारी रात्रीपर्यंत जमेल का? "बघू" म्हणाल्या तेव्हा पुन्हा विचारलं. डबे कोणते, शाळेची गाडी किती वाजता, धाकटीला खोकल्याचं औषध किती, हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. आणि फोन दिवसातून एकदाच, रात्री आठला, असं ठरवलं. पहिल्या दिवशी मला दुपारी दोन वाजताच हात फोनकडे जातोय असं झालं, पण आठपर्यंत थांबले.

तिसरं काम: पैशांची वाटणी निघायच्या आधी

आमची वाटणी अशी होती. प्रवास १,२००, खोली १,८००, खाणं २,०००, पन्हाळा आणि रिक्षा ८००, एकमेकांना भेट २,०००. उरलेल्या २०० रुपयांत ओटीचा खण-नारळ.

यात खोली आणि भेट यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, ते मुद्दाम. आधीच्या एका वाढदिवसाला आम्ही दुसऱ्या एका शहरात सगळे पैसे हॉटेलच्या खोलीत घातले. फोटोत खिडकीतून तळं दिसत होतं, प्रत्यक्षात समोरच्या इमारतीची भिंत होती. त्या खोलीत पैसे वसूल करत बसलो आणि शहर राहूनच गेलं. तेव्हापासून ठरवलं की खोली स्वच्छ हवी, सुरक्षित हवी, पाणी गरम हवं, बस. जास्तीचा पैसा घरी येईल आणि वापरात राहील अशा वस्तूला. तुमचं मन दुसऱ्या कशात असेल, उत्तम जेवणात किंवा चांगल्या गादीत, तर त्याला द्या. पण एकच गोष्ट निवडा, आणि तिथे हात आखडू नका.

तिकिटं

मुंबईहून निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची गाडी आहे, सकाळी कोल्हापुरात सोडते. लॉजचा एक दिवस वाचतो आणि अख्खा दिवस हाती येतो. पुणेकरांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. ही गाडी पुण्याला मध्यरात्रीच्या सुमारास येते. मंगळवारी रात्री घरून निघणार असाल तरी पुण्याहून चढण्याची तारीख बुधवारची आहे का, ते तिकीट काढताना तपासा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. लवकर काढलंत तर दोघांना खालचे-मधले बर्थ एकाच खणात मिळतात. स्लीपरला दोघांचे मिळून साधारण पाचशेच्या आत जातात.

येताना एसटी. मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जोडप्याचं भाडं दीड माणसाचंच होतं. कोल्हापूर-पुणे गाड्या दिवसभर असतात. महामार्गाची कामं चालू असली की वेळ लागतो, म्हणून दुपारी चारच्या आत निघा.

खोली ठरवताना फोन करा

ॲपवर बघा, पण फोन लावल्याशिवाय पैसे भरू नका. तीन प्रश्न विचारा. सकाळी साडेसातला येणार, तेव्हाच खोली मिळेल का? चेक-आउट चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं? गरम पाणी किती ते किती? आमच्या लॉजवाल्यांनी चोवीस तासांचं सांगितलं, म्हणजे बुधवारी सकाळी आठ ते गुरुवारी सकाळी आठ. गुरुवारी सामान दुपारपर्यंत काउंटरला ठेवू का, तेही तेव्हाच विचारून घेतलं. दोघांची आधार कार्डं जवळ ठेवा.

जागा महाद्वार रोडच्या आसपास बघा. स्टेशनजवळ लॉज स्वस्त पडतात, पण पहाटे देवळात चालत जाता येणं आणि रात्री रंकाळ्यावरून रमत परत येणं, या दोन गोष्टी दोन-तीनशे रुपयांनी जास्त असल्या तरी घ्याव्यात.

बुधवार

उतरलात की अंघोळ, आणि मग मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव मागू नका. कट वेगळा मागवा, पहिल्या घासाला ठसका लागला तर ताक घ्या.

मग पन्हाळा की न्यू पॅलेस, यांपैकी एकच. दोन्ही कराल तर संध्याकाळी रंकाळ्यावर बसायचं त्राण उरणार नाही. ऊन कडक असेल किंवा गुडघे दुखत असतील तर न्यू पॅलेस. १८८४ मध्ये पुरा झालेला काळ्या दगडाचा वाडा, आत छत्रपतींचं संग्रहालय. सोबत टाउन हॉलचं संग्रहालय बघा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती तिथे आहे. समुद्रापासून इतक्या आत पंचगंगेच्या काठी ती आली कशी, यावर दोघांनी बोलत बसावं अशी ती चीज आहे.

हवा चांगली असेल तर पन्हाळाच. मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्टेशनच्या जवळच आहे. तिथून एसटी मिळते, अंतर जेमतेम २० किलोमीटर. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. वर गाडीरस्ता आहे, वस्ती आहे, त्यामुळे चढण्याचे कष्ट नाहीत. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जाकोठी एवढंच ठरवा. अंबरखान्याच्या धान्यकोठारांत शिरलात की बाहेरचं ऊन विसरायला होतं, इतका आत गारवा. सज्जाकोठीच्या वरच्या मजल्यावर खिडकीत बसा. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज पावसातून विशाळगडाकडे निघाले ते याच गडावरून. नवरा ते मला असं सांगत होता जणू मी कधी ऐकलंच नाही, आणि मी मधे न बोलता ऐकलं. घरी कुकरच्या शिट्टीत त्याचं एक वाक्य पुरं होत नाही.

जेवायला गडावरच झुणका-भाकरी, खर्डा, कांदा. चुलीवरच्या भाकरीला थांबावं लागतं, थांबा.

चारपर्यंत परत या, तासभर झोपा, आणि साडेपाचला रंकाळा. माझ्या मते या दोन दिवसांतला सगळ्यात महत्त्वाचा वेळ हाच, आणि त्याला खर्च भेळेचा. काठाकाठाने चाला. शालिनी पॅलेसची सावली पाण्यात लांब होत जाते. इथल्या नंदीची गोष्ट ऐकली असेल: रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जग बुडेल. आम्ही कठड्यावर बसून भेळ खाल्ली. कागदाच्या पुड्याला तळाशी चिंचेचं पाणी लागलं होतं आणि ते माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याने रुमाल काढून दिला. त्या एका तासात आम्ही मुलांच्या शाळेबद्दल, हप्त्यांबद्दल, कुणाच्याही आजारपणाबद्दल बोललो नाही. तसं आधी ठरवलं होतं. तुम्हीही ठरवा, कारण न ठरवता ते विषय येतातच.

रात्री मटणाचं ताट. तांबडा आणि पांढरा रस्सा बऱ्याच खानावळींत पुन्हा वाढतात, म्हणून एक ताट आणि एक जास्तीची भाकरी घेऊन भागेल असा विचार मनात येईल. तो करू नका, दोन ताटं घ्या, वाढदिवस आहे. न खाणाऱ्यांना शाकाहारी ताटात अख्खा मसूर मिळाला तर तो घ्यावा. नंतर पोटात जागा असेल तर गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडे चक्कर मारा. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाचा पेला हातात देतात. कच्चं दूध पचत नसेल तर नुसतं बघा.

गुरुवार

पहाटे उठून अंबाबाई. त्या वेळी देऊळ शांत असतं, काळ्या दगडावर दिव्यांचा उजेड पडलेला असतो, रांग भराभर सरकते. साडी किंवा अंगभर कपडे घाला. ओटीचं साहित्य बाहेर घेताना आधी भाव विचारा. बारा वर्षांपूर्वी ओटी भरताना माझ्या हाताला सासूबाईंनी धरलं होतं, म्हणून मी काय केलं ते मला आठवतच नव्हतं. यावेळी खण, नारळ, तांदूळ मी स्वतः लावले.

आठला खोली सोडा, सामान काउंटरला. नाश्ता करून भवानी मंडपात बसा. दुकानं साडेदहा-अकराला उघडतात.

भेट कशी निवडाल

नवऱ्यासाठी चप्पल लाइन. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात रेक्झिनचे जोडही त्याच नावाने लटकलेले असतात. चप्पल उलटी करा आणि तळाची कड बघा. खऱ्या जोडाला चामड्याच्याच वादीची शिवण दिसते, मशीनचा पांढरा दोरा नाही, खिळा नाही. मग कान बघा, म्हणजे बाजूच्या दोन पाकळ्या, त्या मऊ वळायला हव्यात. वासही घ्या. आम्ही गेलो त्या दुकानातल्या आजोबांनी नवऱ्याच्या पायात जोड चढवला, अंगठ्यावर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आता घट्ट पायजे. आठ दिवसांत पाय वळखतंय." सैल जोड त्यांनी दाखवलाच नाही. पहिले काही दिवस अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून तेलाचं बोट लावा, पावसात घालू नका.

माझ्यासाठी गुजरी, म्हणजे सराफांची गल्ली. सोन्याचा कोल्हापुरी साज, एकवीस पानांचा, या खिशात बसणारा नव्हता. पण फॉर्मिंगची, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा असलेली ठुशी पाचशे-सातशेत फार सुबक मिळते. गळ्याशी लावून आरशात बघा, मण्यांची वीण सारखी आहे का आणि मागचा गोफ घट्ट आहे का ते तपासा. भेट गुपचूप आणायची हौस असते, मला पटते, पण इथे दोघांनी मिळून निवडण्यात जास्त गंमत आली. त्याने तीन ठुश्या बाजूला काढायला लावल्या आणि चौथी घेतली.

निघताना अर्धा किलो कांदा-लसूण चटणी घ्या, ज्यांनी पोरं सांभाळली त्यांच्यासाठी. हा खर्च वाटणीत धरायचा राहिला होता, तुम्ही धरा.

आम्ही रात्री दहाला घरी पोचलो. मुलं झोपली होती. सासूबाईंनी चटणीची पुडी उघडून वास घेतला, ओटी नीट भरलीस ना विचारलं, आणि मग म्हणाल्या, "रंकाळ्यावर बसलात का? तेव्हा जीपवाल्याला घाई होती, नाहीतर थांबवणार होते मी."