अर्ज पाठवण्याआधी फोन आवर: खेळाडूंसाठी तयारीची यादी

शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाच्या संघाची निवड किंवा अकादमीची चाचणी समोर दिसत असेल, तर सोशल मीडियावरचं आपलं जुनं नको ते साफ करायचं हे काम महिना-दीड महिना आधी काढ. आदल्या रात्री बसून होत नाही. उडवायला वेळ लागत नाही, पण कुठे काय पडलंय ते शोधण्यातच जीव जातो.

दारूचे फोटो, शिव्या, मुलींबद्दलचे घाणेरडे विनोद, जातीधर्मावरून टोमणे हे सगळं काढायचं, हे सांगायला माझी गरज नाही. पासवर्ड बदल, दुहेरी पडताळणी चालू कर. लॅरेमी टन्सिल या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या बाबतीत 2016 च्या एनएफएल ड्राफ्टला (व्यावसायिक संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) काही मिनिटं उरलेली असताना त्याच्याच ट्विटर अकाऊंटवरून त्याचा धूम्रपानाचा जुना व्हिडिओ बाहेर पडला. अकाऊंट हॅक झालं होतं, म्हणजे टाकणारा दुसराच. अगदी वरच्या क्रमांकांत निवडला जाईल असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं, तो तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला.

आता कमेंट्स. तुझ्या पोस्टखालच्या नव्हेत, दुसऱ्यांच्या पोस्टखाली तू लिहिलेल्या. मागच्या खेपेला एका खेळाडूचं प्रोफाइल मी शेजारी बसून साफ करून घेतलं. फोटो, रील्स, स्टोरी हायलाइट्स, सगळं. कमेंट्स बघायचं मात्र डोक्यातच आलं नाही. उपांत्य सामना हरल्याच्या रात्री पंचांचा उद्धार करणाऱ्या ओळी त्या स्पर्धेच्या अधिकृत पेजवर तशाच होत्या. निवड करणाऱ्या प्रशिक्षकाला त्या शोधाव्याही लागल्या नाहीत. तो त्या सामन्याचे व्हिडिओ बघायला त्याच पेजवर गेला होता. आणि जाणारच ना! खेळ बघायला माणूस तिथेच जातो, आणि आपण राग काढायलाही तिथेच जातो.

"माझं अकाऊंट प्रायव्हेट आहे" हे मला सांगू नकोस. इन्स्टाग्रामवर प्रायव्हेट अकाऊंटवरून सार्वजनिक पोस्टखाली लिहिलेली कमेंट जगाला दिसते, तुझ्या नावासकट. दाराला कुलूप आणि पाटी रस्त्यावर, असा प्रकार. इन्स्टाग्रामवर 'तुमची ॲक्टिव्हिटी' मध्ये जा, तिथे तुझ्या सगळ्या कमेंट्स एका जागी मिळतात. सगळ्यात जुन्या आधी लाव आणि निवडून एकगठ्ठा काढ. फेसबुकवर ॲक्टिव्हिटी लॉग आहे. एक्सवर (आधीचं ट्विटर) तुझ्या प्रोफाइलमध्येच 'रिप्लाय' चा वेगळा कप्पा असतो आणि अकाऊंट प्रायव्हेट नसेल तर तो कोणीही उघडू शकतो. यूट्यूबच्या कमेंट्स गुगल अकाऊंटच्या ॲक्टिव्हिटीत सापडतात, आणि तिथे बघायचं हमखास राहून जातं. लाइक्सचंही तेच. एक्सने जून 2024 पासून लाइक्स इतरांपासून लपवले, पण इन्स्टाग्रामवर पोस्टखालची यादी उघडली की तुझं नाव दिसतं. हरलेल्या सामन्यांच्या तारखा कागदावर लिही आणि त्या-त्या रात्रीच्या कमेंट्स आधी तपास. घाण तिथेच जास्त असते.

नंतर जुनी अकाऊंट्स. शाळेत काढलेलं, गेमसाठी काढलेलं, मित्राने काढून दिलेलं. जुने ईमेल उघडून 'स्वागत आहे' वाले मेल शोध, विसरलेलं बरंच काही वर येईल. इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सनने जून 2021 मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण केलं, सामन्यात सात बळीही घेतले. पण पहिल्याच दिवशी त्याची 2012-13 मधली वर्णद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारी ट्विट्स बाहेर आली. लिहिली तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या कसोटीआधीच त्याला निलंबित केलं आणि चौकशीनंतर आठ सामन्यांची बंदी आली, त्यातली पाच स्थगित. कायलर मरेला डिसेंबर 2018 मध्ये हाइझमन ट्रॉफी (अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार) मिळाली त्याच रात्री त्याची शाळकरी वयातली ट्विट्स कुणीतरी उकरून काढली आणि सत्कार बाजूला ठेवून त्याला माफी मागावी लागली. लोक खोदायला बसतात ते तुझं नाव झालं की. आज कुणी बघत नाही म्हणून ते सुरक्षित आहे असं समजू नकोस.

एक्सवर स्वतःचं सगळं चाळत बसण्यापेक्षा प्रगत शोधात आपलं युजरनेम टाक आणि जे शब्द आता लिहायची लाज वाटेल ते एकेक करून शोध. कंटाळवाणं काम आहे, पण कर. रिप्लायही त्यात येतात, म्हणजे पुन्हा कमेंट्सच.

गाणं म्हणतानाचे, नाचतानाचे व्हिडिओ आवाज चालू ठेवून बघ. 2022 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने शाळेतल्या एका क्वार्टरबॅकला (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) देऊ केलेली जागा मागे घेतली. कारण होता त्याचा एक व्हिडिओ, ज्यात तो रॅप गाण्यातला वर्णद्वेषी शब्द गाण्याबरोबर म्हणत होता. शब्द गाण्यातला होता, हे कारण चाललं नाही.

ग्रुप. खाजगी ग्रुप खाजगी नसतो, एवढंच ध्यानात ठेव. हार्वर्डच्या पुरुष फुटबॉल (सॉकर) संघातली मुलं महिला संघातल्या नव्या खेळाडूंच्या रूपावर शेरे लिहून आपसात फिरवायची. ते 2016 मध्ये बाहेर आलं आणि विद्यापीठाने संघाचा उरलेला हंगामच रद्द केला. संघ तेव्हा आयव्ही लीग या विद्यापीठांच्या स्पर्धेत पहिल्या स्थानावर होता. पुढच्याच वर्षी तिथे निवडलेल्या किमान दहा विद्यार्थ्यांचे प्रवेश एका फेसबुक ग्रुपमधल्या मीम्सवरून काढून घेतले. असल्या ग्रुपमधून बाहेर पड. आपण फक्त हसलो होतो, हे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, दिसतो तो हसणारा इमोजी. आणि एखादी खरोखर वाईट गोष्ट दुसऱ्याच्या फोनमध्ये आहे हे माहीत असेल, तर ती बाहेर यायची वाट न बघता आपल्या प्रशिक्षकाला स्वतः जाऊन सांग.

टॅग: मंजुरीशिवाय दिसणार नाहीत अशी सेटिंग लाव. मित्रांना त्यांच्याकडचे तुझे नको ते फोटो काढून टाकायला सांग, लाजू नकोस.

दवाखान्यातले, सलाइनचे फोटो टाकू नकोस. अमेरिकन जलतरणपटू रायन लॉक्टेने 2018 मध्ये सलाइन घेतानाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि चौदा महिन्यांची बंदी ओढवून घेतली. औषध बंदी असलेलं नव्हतं. पण परवानगी नसताना बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त असं शिरेतून घेणं नियमाबाहेर आहे.

कोण जखमी, उद्या कोण खेळणार, हे गुपचूप ग्रुपमध्येही नको. सट्टेवाल्यांना तेवढंच हवं असतं. इंग्लंडचा फुटबॉलपटू कीरन ट्रिपिअरला आपण क्लब बदलणार असल्याची माहिती मित्रांना दिली म्हणून 2020 मध्ये दहा आठवडे बंदी झाली.

सगळं पुसून कोरी पाटीही करू नकोस. प्रशिक्षक चांगलं काही शोधायलाही येतात. अमेरिकेत ऑगस्ट 2016 पासून कॉलेजच्या प्रशिक्षकांना भावी खेळाडूंच्या पोस्ट लाइक आणि शेअर करता येतात, म्हणजे त्यांची नजर तिथे असतेच. खेळाचा एक दोन मिनिटांचा व्हिडिओ वर पिन कर. बायोमध्ये खरं नाव, खेळ, मैदानावरची जागा, उंची, उत्तीर्ण होण्याचं वर्ष. संपर्कासाठी साधा ईमेल, 'किलर' वगैरे नको.

कमेंट्स झाल्या? मला वाटतं नाही झाल्या. यूट्यूब राहिलं असणार.

निवड झाली की पहिल्या दिवशी उन्मादात काही टाकू नकोस. ज्यांनी नाकारलं त्यांना टोमणे तर नकोच. सामना हरलास किंवा जिंकलास तरी फोन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पिशवीत. पालकांची अकाऊंट्सही एकदा बघ, पंचांवर चिडणारे वडील ही वेगळीच डोकेदुखी असते. संघाचे नियम वाचून सही कर. बाकी वेळ मिळेल तसं.