कॅमेरा बाहेरून दिसत नाही? राउटर बदलण्याआधी या चुका टाळा

माझ्या चुलत्यांचं घर कसबा बावड्यात, कारखाना शिरोली एमआयडीसीत. घरी फायबर घेतलं, जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) जोडला. घरच्या वायफायवर कॅमेरे लख्ख दिसायचे, कारखान्यातून बघितलं की काळा पडदा. कॅमेरेवाल्यानं दोनदा पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली हाक राउटरनं डीव्हीआरकडे पाठवायची सोय केली, काकांनी नवा राउटर आणला, प्लॅनही वाढवला. पडदा काळाच.

गोची इंटरनेटवरच्या आकडी पत्त्याची, म्हणजे आयपीची होती. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. घरातून गेलेल्या मागणीची नोंद कंपनीच्या यंत्रात राहते, म्हणून उत्तर बरोबर परत येतं. बाहेरून आपणहून आलेली हाक मात्र कोणत्या घराची, हे त्या यंत्राला कळत नाही. ती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग तिथं पोर्ट उघडून काय उपयोग?

म्हणून आधी हे बघा. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर 'वॅन आयपी' (राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला पत्ता) लिहिलेला असतो, तो टिपून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलवर 'माय आयपी' शोधा आणि तिथला आयपीव्ही४ पत्ता ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचाच. वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर सीजीनॅट नक्की. काकांचा १००.७२ निघाला. १९२.१६८ दिसला तर बहुतेक वेळा कंपनीच्या डब्यामागे तुम्ही दुसरा राउटर लावलेला असतो. तेव्हा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो जोडणी नुसती पुढे तुमच्या राउटरला देईल.

डायनॅमिक डीएनएसवर पैसे घालू नका. बदलत्या पत्त्याला ते नाव देतं, सामायिक पत्ता तुमचा करत नाही.

'आयपीव्ही६ बंद करा' हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. ती पत्त्यांची नवी पद्धत, त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, खरा मार्ग तोच आहे. फक्त राउटरची फायरवॉल (बाहेरच्या नको त्या जोडण्या अडवणारी सोय) चालू ठेवा.

सीजीनॅटमागे असताना वेबसाइटवर सारखं 'मी रोबोट नाही' विचारलं जातं म्हणून लगेच फोन फॉरमॅट करू नका. त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या उद्योगाचा संशय तुमच्यावर येऊ शकतो.

कंपनीकडे नुसता 'स्टॅटिक आयपी' मागू नका, 'पब्लिक स्टॅटिक आयपी', म्हणजे न बदलणारा आणि फक्त तुमचा सार्वजनिक पत्ता, असं स्पष्ट म्हणा. मिळाल्यावर वरची तपासणी पुन्हा करा. महिन्याचा खर्च नको असेल तर क्लाउडवरून चालणारा डीव्हीआर घ्या, तो स्वतःच बाहेर जोडणी करतो.

काकांनी पब्लिक आयपी घेतला. पण जोडण्याआधी मी डीव्हीआरचा पासवर्ड बघितला, तो डीव्हीआर बनवणाऱ्यांनी मुळात ठेवलेला 'अॅडमिन'च होता. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असल्याच पासवर्डांवर जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. आधी तो बदलला, मगच पोर्ट उघडला.