थायरॉईडची गोळी ‘लागू पडत नाही’? डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

डोस २५ मायक्रोग्रॅमवरून ५० झाला, ५० वरून ७५ झाला, तरी टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) खाली यायचं नाव नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून सकाळच्या एसटीने मिरजेला दाखवायला येणाऱ्यांच्या फायलीत हा क्रम नेहमीचा. पुढची चिठ्ठी १०० ची लिहिली जाण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: गोळी किती वाजता घेता, आणि त्यानंतर पहिला चहा किती वाजता?

बहुतेक घोळ इथेच असतो. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन ही नावं वेगळी, पण आतलं औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. ते लहान आतड्यात शोषलं जातं आणि त्याला पोट रिकामं लागतं. दुधाचा चहा, खारी, पोहे यातलं काहीही सोबत गेलं की शोषण कमी होतं. पुन्हा ते रोज सारखंही राहत नाही, म्हणून रिपोर्ट कधी वर, कधी खाली.

ज्या घरात गोठा आहे तिथली सकाळ बघा. पाचला उठायचं, धार काढायची, डेअरीला दूध घालून यायचं, की चहा तयार. गोळीची बाटली साखरेच्या डब्याशेजारी, म्हणून गोळी चहाबरोबरच घशाखाली जाते. इथे डोस नाही, बाटलीची जागा बदलायची. ती पाण्याच्या तांब्याबरोबर उशाशी ठेवा. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी घ्या आणि मग गोठ्यात जा. धार काढून, दूध घालून येईपर्यंत पाऊण-एक तास आपोआप होतो. किमान अर्धा तास हवा, तासभर असेल तर उत्तम. ज्यांना चहाशिवाय पायच टाकता येत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घ्यावी, जेवणानंतर किमान तीन तासांनी. मात्र एकदा ठरवलेली वेळ रोज तीच ठेवा.

दुसरा शत्रू गोळ्यांच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत असतो. कॅल्शियम आणि रक्तवाढीची लोहाची गोळी आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. सकाळी सहाला थायरॉईड, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री कॅल्शियम अशी वाटणी सोपी पडते. ॲसिडिटीसाठी महिनोन्‌महिने पॅन्टोप्रॅझोल चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की शोषण घटतं. सोयाबीनचे वडे आणि सोया दूध सकाळच्या गोळीपासून लांब ठेवा.

बाटली गॅसच्या वरच्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी हे औषध खराब होतं, आणि इकडचा एप्रिल-मे काय असतो हे सांगायला नको. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली तर परत जाऊन तीच मागा. बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर त्याच दिवशी पोट रिकामं असताना घ्या. हे औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. आठवड्यातून तीनदा राहिली तर मात्र बिघडतं.

रक्त देताना होणाऱ्या चुका

डोस बदलून पंधरा दिवसांत टीएसएच करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नवा डोस स्थिरावायला सहा आठवडे लागतात. त्याआधीच्या आकड्यावर पुन्हा डोस वाढवला की दोन महिन्यांनी धडधड आणि हातांना कंप घेऊन पेशंट परत येतो.

टीएसएच पहाटे जास्त असतं, दुपारी कमी. आज सकाळी आठला, पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलं तर दोन आकड्यांची तुलना होत नाही. वेळ तीच ठेवा, जमल्यास लॅबही तीच. उपाशी असण्याची सक्ती नाही. त्या दिवशीची गोळी मात्र रक्त दिल्यावर घ्या, नाहीतर टी४ (रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन) काही तास जास्त दिसतं.

केसगळतीसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा. ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या या गोळ्यांमुळे काही मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं. निरोगी माणसाच्या हातात थायरॉईड वाढल्याचा रिपोर्ट पडतो. लॅबवाला हे विचारेलच असं नाही, तुम्हीच सांगा. डेंग्यू, न्यूमोनियाने ॲडमिट असताना केलेला रिपोर्टही फसवा असू शकतो. बरं झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा करा.

निदानच चुकतं तेव्हा

टीएसएच ६ आलं, वजन वाढलंय, चला गोळी सुरू. ही घाई नको. टी४ नॉर्मल असेल आणि टीएसएच १० च्या खाली असेल तर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं टी४) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) करून मगच ठरवतात. अनेकदा दुसऱ्या वेळी आकडा आपोआप खाली आलेला असतो. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना ६-७ वर गोळी लावणं बहुधा गरजेचं नसतं. जिथे खरंच गरज असते तिथे तरुण माणसाचा पूर्ण डोस किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला साधारण १००. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ पासून हळूहळू वाढवतात.

दिवस गेल्यावर ‘बाळाला नको’ म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिल्या काही आठवड्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. आधीपासून गोळी चालू असेल तर डोस बहुतेक वेळा २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. पाळी चुकली की टेस्ट, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टर. पुढे निम्म्या गर्भारपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच.

बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूध आलं नाही, पाळी सुरू झाली नाही, सतत थकवा आणि थंडी वाजणं, तरी टीएसएच नॉर्मल? मग बिघाड गळ्यात नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत असू शकतो. इथे नुसतं टीएसएच काही सांगत नाही, फ्री टी४ लागतं. आणि गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं हार्मोन) तपासायलाच हवं. ते कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर पेशंट कोसळू शकतो.

गळ्याला गाठ असेल तर ‘टीएसएच नॉर्मल, काही नाही’ असं म्हणून सोडू नका. सोनोग्राफी करा, आणि तिच्यात जसं दिसेल त्यावर सुईची तपासणी ठरते.

टीएसएच ०.१ च्या खाली आणि टी४ जास्त आलं, म्हणजे थायरॉईड वाढलेलं दिसलं, तर लगेच कार्बिमॅझोल (हार्मोन तयार होणं कमी करणारी गोळी) नको. ग्रेव्ह्ज आजारात ग्रंथी जास्त हार्मोन तयार करते, तिथे ही गोळी कामाची. पण बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येते, साठवलेलं हार्मोन गळतं आणि काही आठवड्यांत थांबतं. तिथे कार्बिमॅझोलचा उपयोग नाही, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल पुरतं. टीआरएबी ही रक्ततपासणी किंवा टेक्नेशियम स्कॅन यातला फरक दाखवतं. स्कॅन गर्भवतीला करत नाहीत.

कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला आणि घसा दुखला, तर साधी सर्दी समजून गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी बसू नका. क्वचित या गोळीने पांढऱ्या पेशी अचानक खाली जातात. गोळी लगेच थांबवा, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि रिपोर्टची वाट न बघता गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, रात्र असली तरी.